दूध नासवण्याची विद्या



आपल्या भाषेत दुधाचं काय काय होतं बघा. ते तापतं, उतू जातं, आटतं, लागतं, विरजतं, फाटतं, आणि नासतं. यातलं उतू जाणं तेवढं शुभ. नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू घालवायचं, रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळकं ठेवून मुद्दाम उतू घालवायचं. नासणं मात्र अशुभ. माझ्या आईच्या घरी दूध नासलं की दिवसभर घराला सुतक लागल्यासारखं वाटायचं. आज कुणाची दृष्ट लागली, भांडं कुणी घासलं होतं, उन्हाळा किती वाढला, यावर चर्चा व्हायची. नासाडी, नासका, नासधूस हे सगळे शब्द त्याच कुळातले. मराठी विषय घेऊन मराठवाडा विद्यापीठाची बी.ए. झाले आणि आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची खोड काही जात नाही.

तर असं हे दूध, सत्तरी ओलांडल्यावर, आमच्या ताडकळसमध्ये बसून, मी मुद्दाम नासवायला शिकले. एकदा नव्हे, गेल्या वर्षभरात वीस-बावीस वेळा तरी. अंबाजोगाईची धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "अगं, पेन्शन उडवायला दुसरं काही मिळालं नाही का तुला?" तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचावं.

निमित्त झालं नातीचं. पुण्याला असते, यंदा सातवीत आहे. दिवाळीला आली होती. पिझ्झ्यावरचं ते तारा सुटणारं चीज, त्याला मोझरेला म्हणतात, हे मला टीव्हीमुळे ठाऊक होतं. ती म्हणाली, "आजी, खरं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं. इटलीत." मला वाटलं, पोरीची काहीतरी गल्लत होते आहे. इटलीत कुठली आली म्हैस! पण शोधून पाहिलं तर पोरगी बरोबर होती. इटलीच्या दक्षिणेला कंपानिया म्हणून प्रांत आहे, नेपल्स शहराचा. तिथल्या कझेर्ता आणि सालेर्नो या भागांत दलदलीच्या सखल जमिनीवर शेकडो वर्षं म्हशी पाळतात. त्यांच्या दुधाच्या मोझरेलाला युरोपात 1996 पासून कायद्याने संरक्षण आहे. म्हणजे आपल्याकडे भौगोलिक मानांकन असतं तसं. 1570 साली बार्तोलोमेओ स्कापी नावाच्या पोपच्या आचाऱ्याने पाकशास्त्राचा मोठा ग्रंथ छापला, त्यात हा शब्द येतो. म्हणजे आपल्या तुकोबांच्या जन्माच्याही आधी.

आणि खरी गंमत पुढेच आहे. नदीकाठची, डुंबणारी, दुभती म्हैस माणसाळली ती मुळात आपल्या भारतीय उपखंडात. इटलीतली म्हैस त्याच जातकुळीची. म्हणजे आपली भाचीच म्हणा ना! आमच्या परभणी-नांदेड-बीड पट्ट्यात तर मराठवाडी म्हैस म्हणून स्वतंत्र जातच नोंदलेली आहे. भारत 1998 पासून जगात सर्वाधिक दूध काढणारा देश आहे आणि त्यातलं जवळपास निम्मं दूध म्हशीचं. मग इतकी वर्षं या दुधाचं मोझरेला आपल्याला का सुचलं नाही? आपण दही केलं, लोणी-तूप केलं, आटवून खवा केला, चिकाचा खरवस केला. बंगाल्यांनी नासवून छेना केला. पण ताणून तार काढायची, हे आमच्या भागात काही कुणी केलं नाही. हा प्रश्न डोक्यात बसला आणि मग मी काही स्वस्थ बसेना.

तर आधी थोडं शास्त्र. (भाषेच्या बाईकडून शास्त्र ऐकताय, सांभाळून घ्या. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर हे वाचणार आहेत, त्यांनी तपासावं.) दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ऐंशी टक्के केसीन असतं. त्याचे सूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. प्रत्येक गोळ्यावर लव असते म्हणा, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. पनीर करताना आपण तापलेल्या दुधात लिंबू पिळतो. आंबटपणामुळे गोळे एकदम गठ्ठ्याने बसतात. ते झालं पनीर. ते तळा, शिजवा, वितळत नाही आणि ताणलंही जात नाही. मोझरेलाला वेगळी युक्ती लागते. रेनेट नावाचा पाचक रस कोमट दुधात घालायचा. तो ती लव भादरून टाकतो आणि गोळे सावकाश हाताला हात धरून उभे राहतात. दूध दह्यासारखं, पण दह्यापेक्षा घट्ट, चाकूने कापता येईल असं लागतं. या गोळ्यांना जोडून ठेवणारा चुना म्हणजे दुधातलं कॅल्शियम. आंबटपणा बेताचा ठेवला की हा चुना थोडा सुटतो, सगळा नाही. मग गरम पाण्यात घातल्यावर ती भिंत कोसळत नाही, वाकते. ताणली की तिचे तंतू होतात. आंबट कमी पडलं तर तुटतं, जास्त झालं तर विरघळतं. सगळी विद्या त्या बेतात आहे.

इटलीत हा आंबटपणा आणायला आदल्या दिवशीची निवळी घालतात आणि काही तास वाट पाहतात. म्हणजे काय, तर विरजणच की हो! काल संध्याकाळचं आज सकाळी. हे वाचलं आणि मला त्या कंपानियातल्या बायका एकदम आपल्या वाटल्या. झटपट रीत मात्र अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी रूढ केली. त्यात विरजणाऐवजी निंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड घालतात. ते किराणा दुकानात सुटं मिळतं.

आता रेनेट. इथे माझी गाडी अडली.

रेनेट मूळचं कुठून येतं, ते वाचून मी दोन दिवस तो विषय मिटवून ठेवला होता. दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून येतं. आईचं दूध पचावं म्हणून निसर्गाने त्याला दिलेला रस. वासरू मारल्याशिवाय तो मिळत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. एकादशी चुकत नाही. आमचे हे म्हणाले, "झालं तुझं इटली?" झालंच असतं. पण पुढे वाचलं तर कळलं की आता अनेक ठिकाणी हे काम बुरशीपासून काढलेल्या रसाने होतं. ऱ्हायझोम्युकर मिहाय असं त्या बुरशीचं नाव. उच्चार चुकला असेल तर क्षमा. आपल्याकडे बाजारात जे चीज मिळतं त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो तो त्यामुळेच.

आणि वनस्पतीही आहे बरं का. पनीर फूल नावाची. आपल्या अश्वगंधेची सख्खी बहीण. सिंध, पंजाब, अफगाणिस्तानकडे तिच्या फळांनी दूध जमवायची जुनी रीत आहे. काष्ठौषधीच्या दुकानात ती मधुमेहावर म्हणून विकतात. मी परभणीहून मागवून पाहिली. दूध जमलं, पण कडवट झालं. ही कडू चव तिच्या रसातच असते म्हणतात. मग मुलाने पुण्याहून बुरशीच्या रेनेटच्या गोळ्या पाठवल्या. पाकिटावर हिरवा ठिपका. तो मी चष्मा लावून दोनदा पाहिला.

साहित्य जमलं. राहिलं दूध.

पहिल्यांदा पिशवीतलं दूध आणलं. ते काही केल्या लागेना. पातेल्यात नुसता रवा रवा. कारण नंतर वाचनात आलं. कारखान्यात दूध फार तापवलेलं असलं की निवळीतली प्रथिनं केसीनला जाऊन चिकटतात आणि रेनेटला जागाच उरत नाही. म्हणजे आपण घरी तीन-तीनदा उकळतो ते दूधही चालणार नाही, हे उघड झालं. पण शिक्षकाला नुसत्या वाचण्याने समाधान कुठलं? प्रयोग करायला हवा. आणि प्रयोगाला ताजं, न तापवलेलं दूध हवं.

आमच्या घरामागे दोन घरं सोडून एक गोठा आहे. तिथली सून ही माझीच विद्यार्थिनी. पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होती, आता दोन लेकरांची आई आहे. अजूनही मला "बाई"च म्हणते. दोन म्हशी आहेत तिच्या. एकीच्या कपाळावर पांढरा चांद आहे, म्हणून ती चांद्री. सकाळी सहाला मी चरवी घेऊन गेले तर म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला आलाव? मी आणून दिलं असतं की." मी म्हटलं, "अगं, मला नासवायला पाहिजे." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बाईंचं वय झालं आता!

पण दूध घेऊन ती स्वतःच मागोमाग आली. "कसं काय करायलात ते बघू तरी." मग आम्ही दोघींनी मिळून दोन पातेली मांडली. एकात खळखळून उकळून गार केलेलं दूध. दुसऱ्यात 63 अंशांवर अर्धा तास ठेवून गार केलेलं. (कच्चं दूध तसंच वापरायचं नाही. जनावरांपासून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस आणि क्षय, दोन्ही कच्च्या दुधातून येतात. 63 अंश, अर्धा तास ही जगभर मानलेली पाश्चरायझेशनची रीत. त्यासाठी थर्मामीटर हवाच.) दोन्हींत तेवढंच निंबूसत, तेवढंच रेनेट. दहा मिनिटांनी पहिल्या पातेल्यात लापशी, आणि दुसऱ्यात आरशासारखं गुळगुळीत चक्क लागलेलं दूध! सुरी घातली तर काप स्वच्छ निघाला आणि कडेने हिरवट पिवळी निवळी सुटली. ती म्हणाली, "बाई, हा तर खरवस!" दिसतो अगदी तसाच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वर्गात कुणाला एखादं उदाहरण अचूक सुचलं की मला व्हायचा तसा आनंद झाला.

पुढची पायरी ताणायची. जमलेल्या दुधाच्या वड्या निथळायच्या आणि ऐंशी अंशांच्या आसपासच्या पाण्यात सोडायच्या. ऐंशी अंशांचं पाणी म्हणजे काय, ते सांगायला नको. इटलीत लाकडी दांड्याने ढवळतात, अमेरिकेतल्या बायका रबरी हातमोजे घालतात. आमच्या विद्यार्थिनीने माझ्याकडे बघितलं, पाण्यात बोटं बुचकळली आणि गोळा सरळ उचलला. "आधणाच्या पिठापेक्षा गरम न्हाई, बाई." ज्वारीच्या भाकरीचं पीठ आधणात मळणारे हात ते! लहानपणापासून तव्यावर भाकरी हाताने उलटणाऱ्या बाईला कसले आलेत हातमोजे? गोळा आधी तुटला. पुन्हा पाण्यात, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी दुमडून ओढला आणि तो लांबला. हातभर. रेशमासारखा, चकाकणारा. आम्ही दोघी गप्पच झालो. मग तिने तो दुमडला, आत वळवला आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरून तोडला. पुरणपोळीच्या कणकेचा उंडा तोडतो तसा. मी तिला सांगितलं, या तोडण्याला इटलीच्या भाषेत ‘मोझ्झारे’ म्हणतात आणि त्यावरूनच याला मोझरेला नाव पडलं. ती म्हणाली, "म्हणजे ‘तोडलेलं’ म्हणा की सरळ." माझ्या सगळ्या व्युत्पत्ती तिने एका शब्दात गुंडाळल्या.

दोन लिटर दुधाचे तीनशे ग्रॅमच्या वर गोळे निघाले. पांढरेशुभ्र. गाईच्या दुधात पिवळा रंग देणारं कॅरोटीन असतं, म्हशीच्या दुधात ते नसतं, म्हणून हे इतकं पांढरं. चव काय सांगू? आधी काहीच नाही असं वाटतं, मग ताज्या लोण्याचा आणि सायीचा वास येतो. आमच्या ह्यांनी ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्लं. "चहाला दूध उरलं नाही" ही तक्रार मागे घेतली. पिझ्झा वगैरे कुणालाच आठवला नाही. निवळी टाकायची नाही. तिचं पिठलं झकास होतं, भाकरीचं पीठ मळता येतं. मुंबईत मौसम नारंग या बाईंची एलेफ्थेरिया नावाची चीज करणारी संस्था आहे. त्यांच्या निवळी आटवून केलेल्या तपकिरी चीजला 2021 च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. ब्रुनोस्ट हा मूळचा नॉर्वेचा प्रकार. निवळी आटवायची, म्हणजे खव्याचीच थोरली जाऊ. आमच्या मराठवाड्यात कुंथलगिरीच्या खव्याच्या भट्ट्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना यात परकं काही वाटणार नाही.

इथवर लिहून थांबले असते तर हा नुसता पाककृतीचा लेख झाला असता. पण एक गोष्ट राहिली आहे, आणि तिच्यामुळेच खरं तर हे लिहायला बसले.

रेनेटवरचा हिरवा ठिपका पाहून मी निर्धास्त झाले होते. वासराचा जीव नाही, माळेला बाध नाही. पण रोज पहाटे गोठ्यात जायला लागले तसं एक दिसायला लागलं. चांद्रीला रेडकू झालेलं होतं, नर. दीड महिन्याचं. दाव्याला बांधलेलं, बरगड्या मोजता येतील असं. पान्हा फुटेपर्यंत त्याला सडाला लावायचं आणि पान्हा फुटला की ओढून बाजूला बांधायचं. शेवटी उरलंसुरलं त्याचं. उरत काही नसे.

मला एकदम माझ्या माहेरचा गोठा आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन. आमच्या म्हशीचं रेडकू मेलं आणि म्हैस पान्हवेना. तेव्हा त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. म्हैस ते चाटायची. चाटता चाटता तिला पान्हा फुटायचा आणि वडील धार काढायचे. त्या दुधाचा चहा सगळ्या घराने घेतला. मी पण. माळकरी घर, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तेव्हा घरोघर तसंच करत.

वगार झाली तर गोठ्यात आनंद. ती उद्या दूध देणार. रेडकू झालं तर तोंडं उतरतात. पूर्वी निदान हल्या पाणी वाहायचा, चिखलणीला लागायचा. ट्रॅक्टर आला आणि तेही गेलं. गोवंशाला आपल्या राज्यात 2015 च्या कायद्याने संरक्षण मिळालं, म्हैसवर्ग त्यात नाही. तेव्हा रेडकाच्या पुढे दोनच वाटा. एक तर भुकेने गोठ्यातच संपायचं, नाहीतर वाढून बाजारात जायचं. आणि ज्ञानोबा माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं आपण मानतो, तो रेडाच होता! आळ्याला त्याच्या समाधीला आपण हात जोडतो.

इटलीतही नर पारडांचं हेच होतं, असं वाचलं. दूध विकायचं तर नराचं करायचं काय, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. म्हणजे रेनेट बुरशीचं असो की वासराचं, वासरू काही या हिशेबातून बाहेर पडत नाही. हिरवा ठिपका गोळीचा आहे. दुधाला ठिपका नसतो.

मी एके दिवशी तिच्याजवळ विषय काढला. उपदेश करायचा नव्हता. तिच्या दोन लेकरांच्या शाळेचा खर्च दुधावर चालतो, आणि ते मला चांगलं ठाऊक आहे. ती रागावली नाही. धार काढता काढताच म्हणाली, "बाई, मला काय बरं वाटतंय का? एक सड त्याला सोडला तर महिन्याला किती जातंय ते धरा. डेअरीवाला रेडकाचे पैसे देतोय का?" मग तिनेच हिशेब मांडला. सातवीपर्यंत गणितात ती हुशारच होती. एक सड म्हणजे चौथा हिस्सा दूध. पेंडीचे भाव असे, सरकीचे तसे. रेडकू जगवलं तर वर्षभर त्याचा चारा. हिशेबात एकही चूक नव्हती.

मी म्हटलं, "मी रोज दोन लिटर घेते. लिटरमागं डेअरीपेक्षा 10 रुपये जास्त देते. चांद्रीचा एक सड त्याचा." ती जरा वेळ बोललीच नाही. मग हसून म्हणाली, "म्हणजे पेन्शन तुमची अन् रेडकू आमचं!" ठरलं. त्याला आता दहा महिने होतील. रेडकू अंगाने भरलं आहे, शिंगांचे कोंभ आलेत, मला पाहिलं की नाक फेंदारतं. पुढे त्याचं काय, ते आम्हा दोघींनाही माहीत नाही. जावेच्या माहेरी वळू म्हणून ठेवायचं म्हणतात. ठेवतील तेव्हा खरं. मी एक रेडकू वाचवलं म्हणून जगातला हा प्रश्न सुटला असं मुळीच नाही. माझ्याकडे पेन्शन आहे म्हणून मला दहा रुपयांची चैन परवडते. ज्या घरात तेच दहा रुपये लेकराच्या वहीचे असतात, त्या घराला मी कुठल्या तोंडाने शिकवू?

मध्यंतरी तिने विचारलं, "बाई, हे आपण करून विकलं तर?" बचत गटातल्या आणखी चौघी तयार होत्या. मी त्यावर महिनाभर विचार केला. करायला जमतं यात शंकाच नाही. तिचे गोळे आता माझ्यापेक्षा सुबक होतात. परवाना काढता येतो, अन्नसुरक्षेची नोंदणी होते. परभणीला आपलं कृषी विद्यापीठ आहे, 1972 सालचं. तिथे अन्नतंत्रज्ञानाचं कॉलेजही आहे, विचारायला जाता येईल. पण ताजं मोझरेला दोन-तीन दिवसांचं धनी. इटलीत तर ते त्याच दिवशी खातात. ताडकळसहून पुण्या-मुंबईपर्यंत ते गार ठेवून न्यायचं कसं? उन्हाळ्यात लाइट गेली की आमचा फ्रिज कपाट होतो. मी तिला हे सगळं सरळ सांगितलं. आशा लावून ठेवण्यापेक्षा ते बरं. म्हटलं, आधी परभणीतली दोन-तीन हॉटेलं बघू, ऑर्डर आली तर तेवढंच करू, म्हैस विकत घ्यायची घाई नको. तिने मान डोलावली. पण जाता जाता म्हणाली, "म्हशीच्या दुधाची पावडर होत न्हाई म्हणत होते ना बाई? तुम्हीच शिकवलं होतं."

शिकवलं होतं खरं. खेडा जिल्ह्यात, आणंदला, परदेशी तज्ज्ञ म्हणत होते की म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही. हरिचंद दलाया नावाच्या तंत्रज्ञाने ती करून दाखवली आणि 1955 साली कारखाना सुरू झाला. कुठल्याशा धड्याच्या निमित्ताने मी वर्गात सांगितलं असेल. मी विसरले, ती विसरली नाही. मागच्या आठवड्यात ती आणि तिचा नवरा डबा घेऊन परभणीला एका हॉटेलात जाऊन आले. उत्तर अजून आलेलं नाही.

असो. लांबलं बरंच. ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात:

म्हशीचं ताजं दूध दोन लिटर. 63 अंशांवर अर्धा तास ठेवून पूर्ण गार करा. उकळू नका. सपाट एक चमचा निंबूसत अर्धी वाटी गार पाण्यात विरघळवून गार दुधातच घाला. (गाईच्या दुधाला पाऊण चमचा पुरतं. म्हशीच्या दुधाला आंबट थोडं जास्त लागतं.) मंद आचेवर 32 अंशांपर्यंत न्या. म्हणजे बोटाला कोमटसुद्धा लागत नाही इतपत. रेनेटची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घाला. अर्धा मिनिट हलक्या हाताने ढवळा आणि मग अजिबात हात लावू नका. दहा मिनिटांनी सुरीने वड्या पाडा, 40 अंशांपर्यंत हळूहळू तापवा, निथळून घ्या. एक तुकडा गरम पाण्यात टाकून ताणून बघा. लांबला तर सगळा गोळा ताणा, तुटला तर पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा. फार मळू नका, दगड होतो. गोळे गार पाण्यात सोडा, मग मिठाच्या पाण्यात. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात, पण उरत नाहीत.

दूध ओळखीच्या गोठ्यातलं असेल तर उत्तम. आणायला स्वतः जा. आणि गेलात की दाव्याला कोण बांधलंय, तेही जरा बघून या.

अंबाजोगाईच्या ताईसाठी वेगळं: पुढच्या एकादशीनंतर ये. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि हे. पेन्शन कुठे उडते ते दाखवते. गोठ्यातही नेईन.